‘शन’ कसा लिहावा? इंग्रजी शब्दांच्या शेवटच्या अक्षरांचा अभ्यास



स्टेशन, पेन्शन, मिशन आणि फॅशन हे चार शब्द इंग्रजी न शिकलेल्या माणसांच्याहि तोंडीं आहेत. खेड्यांतील आजीबाई ‘ठेसन’ म्हणतात, पण शब्द तोच. बाळबोध लिपींत ह्या चारी शब्दांचा शेवट एकच, ‘शन’. परंतु हेच शब्द इंग्रजींत लिहावयास सांगितले कीं, हुशार मुलांचीहि लेखणी अडखळते. कारण तेथें ह्या एका ध्वनीचे चार वेष आहेत. स्टेशनच्या शेवटीं टी-आय-ओ-एन, पेन्शनच्या शेवटीं एस-आय-ओ-एन, मिशनमध्यें तोच एस दोनदां, आणि फॅशनच्या शेवटीं एस-एच-आय-ओ-एन!

गोष्ट लहान दिसते, पण तिचा परिणाम लहान नाहीं. मुलाला शब्दाचा अर्थ येतो, उच्चार येतो, तरी श्रुतलेखनाची वही लाल शाईनें भरून परत येते. असें वारंवार झालें म्हणजे ‘इंग्रजी आपल्यासाठीं नाहींच’ अशी त्याची समजूत होते आणि पुष्कळदां आईबापांचीहि होते. ही समजूत खोटी आहे. दोष बुद्धीचा नसून अभ्यासाच्या रीतीचा आहे. शब्द सुटे सुटे घोकण्याऐवजीं, ज्या शब्दांत एकच अक्षरसमूह आहे ते शोधून एकत्र मांडले, तर त्यांच्यांतील नियम आपोआप डोळ्यांपुढें उभा राहतो.

प्रथम हा घोंटाळा कां झाला तें पाहूं. हे बहुतेक शब्द लॅटिन भाषेंतून फ्रेंचमार्गें इंग्रजींत आले. लॅटिनमध्यें त्यांतील टी हा टीसारखाच उच्चारला जात असे. पुढें जिभेनें सोईचा मार्ग धरला आणि त्याचा शेवटीं ‘श’ झाला. पण विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना आणल्यावर शब्दांचीं रूपें हळूहळू ठरून गेलीं. जीभ पुढें गेली, लेखणी मागें राहिली. ह्याबद्दल इंग्रजीला हंसूं नये. आपल्या ‘चार’ आणि ‘चारा’ ह्या दोन शब्दांतील ‘च’ मोठ्यानें उच्चारून पाहा. अक्षर एक, ध्वनि दोन! मराठी शिकणारा परका मनुष्य तेथें असाच अडखळतो.

आतां शब्दांचे गट पाडूं. पहिला आणि सर्वांत मोठा गट टी-आय-ओ-एन याचा. मूळ क्रियापदाच्या शेवटीं टी किंवा टी-ई असेल, तर बहुधा हाच शेवट येतो. ॲक्टपासून ॲक्शन, डायरेक्टपासून डायरेक्शन, एज्युकेटपासून एज्युकेशन. नियम आठवत नसेल, तर ह्याच गटाचा शब्द असण्याचा संभव सर्वांत अधिक.

दुसरा गट दोन एस असलेला. ज्या क्रियापदाच्या शेवटींच दोन एस आहेत, त्याचे ते कायम राहतात. जसें, डिस्कसपासून डिस्कशन, कन्फेसपासून कन्फेशन. ‘मिट’नें संपणारीं क्रियापदेंहि ह्याच घरचीं आहेत, ॲडमिटपासून ॲडमिशन, परमिटपासून परमिशन. ह्यांचें मूळ ‘पाठविणें’ ह्या अर्थाचें लॅटिन क्रियापद होय. मिशन हा शब्दहि त्याच मुळापासून निघाला. मिशन म्हणजे पाठवणी.

तिसऱ्या गटांत एस एकच असतो. मूळ क्रियापद डी किंवा डी-ई ह्यांनीं संपत असलें, तर हा शेवट पुष्कळदां येतो. एक्स्टेंडपासून एक्स्टेन्शन, डिव्हाइडपासून डिव्हिजन. ह्या दुसऱ्या शब्दांतील मृदु ध्वनि मराठींत नाहीं, म्हणून आपण तेथें ‘जन’ म्हणतों.

चौथा गट माणसांचा. सी-आय-ए-एन असा शेवट दिसला, तर तो शब्द बहुधा एखाद्या विद्येच्या किंवा धंद्याच्या माणसाचा समजावा. म्युझिकपासून म्युझिशियन, इलेक्ट्रिकपासून इलेक्ट्रिशियन. फॅशन, कुशन, ओशन असे थोडे शब्द मात्र पाठच केले पाहिजेत.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कनेरगांव नाका हें गांव मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सीमेवर, हिंगोली-वाशीम रस्त्यावर आहे. १९४८ सालापर्यंत ह्या सीमेच्या एका बाजूस निजामाचें राज्य होतें. नाका म्हणजे काय हें येथील मुलांस सांगावयास नको. नाक्यावर गाडीचा नुसता रंग पाहून भागत नाहीं; माल कोठून आला हें विचारावें लागतें. शब्दांचेंहि तसेंच. ‘लिमिट’ हा शब्द ‘मिट’नेंच संपतो, म्हणून कोणी त्याचें ‘लिमिशन’ करील, तर तें चुकेल. खरें रूप लिमिटेशन, कारण लिमिटचें मूळ ‘सीमा’ ह्या अर्थाच्या निराळ्याच लॅटिन शब्दांत आहे. तसेंच अटेंडच्या शेवटीं डी असूनहि त्याचें अटेन्शन होतें आणि तें टीनें लिहितात. म्हणून अक्षरांनीं शब्द गोळा करावेत, पण प्रत्येकाची झडती कोशांत घ्यावी.

शेवटच्या अक्षरांवरून शब्द शोधण्यास नेहमींचा कोश उपयोगी पडत नाहीं, कारण तो पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो. ही अडचण ओळखून जॉन वॉकर यानें १७७५ सालीं लंडनमध्यें असा इंग्रजी कोश छापला कीं, त्यांत शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेले होते. आपल्याला एवढा मोठा ग्रंथ नको. शंभर पानी एक वही पुरे. प्रत्येक गटास दोन पानें द्यावीं. पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांत, औषधाच्या बाटलीवर, स्टेशनच्या पाटीवर जेथें असा शब्द दिसेल तेथून तो टिपावा. शेजारीं मूळ क्रियापद लिहावें, आणि नियम मोडणाऱ्या शब्दाखालीं रेघ ओढावी. रोज तीनच शब्द मिळाले, तरी वर्षाला हजारावर होतात.

पालकांसहि एक विनंति आहे. आपणांस इंग्रजी येत नसलें, तरी ह्या अभ्यासांत आपण भाग घेऊं शकतां. मुलानें वहींत उतरलेला शब्द आणि छापील शब्द शेजारीं ठेवून अक्षरांमागून अक्षर जुळतें कीं नाहीं, एवढें पाहण्यास विद्वत्ता लागत नाहीं. डोळे आणि दहा मिनिटें लागतात. आई किंवा वडील रोज आपली वही पाहतात, हें मुलाला कळलें म्हणजे तें अधिक काळजीनें लिहितें.

मित्रहो, परकी भाषा ही बंद पेटी नव्हे. तिच्या किल्ल्या अक्षरांच्या जुडग्यांत असतात. एक जुडगा आज आपल्या हातीं दिला आहे. पुढचे तुम्हीच शोधून काढा.