पहिला पर्याय शिल्लक आहे का?

द्राक्षांच्या हंगामात आमच्या नाशिकच्या कचेरीतून परदेशी जाणारे मेल सहसा माझ्या नजरेखालून जातात. व्याकरणाच्या बारीकसारीक चुका मी मनावर घेत नाही. एखादा 'द' गळला, एकवचनाचं अनेकवचन झालं, तर नेदरलँड्सचा ग्राहक सांभाळून घेतो. त्याची तरी मातृभाषा कुठे इंग्रजी आहे? पण दोन पर्याय जोडणारा शब्द चुकला तर तो सांभाळून घेऊ शकत नाही, कारण काही चुकलंय हे त्याला दिसतच नाही. वाक्य धडधडीत शुद्ध असतं, अर्थ मात्र भलताच पोचतो.

मी रजेवर असताना गेलेला एक मेल अजून आमच्याकडे नव्या मुलांना दाखवला जातो. 'प्लीज कन्फर्म पनेट्स बाय फ्रायडे. अदरवाइज, वुई विल पॅक लूज.' पनेट म्हणजे अर्धा किलोचा पारदर्शक डबा, लूज म्हणजे खोक्यात सुटे घड. लिहिणाऱ्या मुलाला म्हणायचं होतं की पनेट हवे असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर सुटे घडही भरून देऊ, तुमची मर्जी. समोरच्यानं वाचलं ते असं : शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही सुटा माल भरून मोकळे होणार. पनेट आधीच ठरलेले असताना ही दमदाटी कसली, असं त्याचं चार ओळींचं थंडगार उत्तर आलं. फोनवर प्रकरण मिटलं, पण तोवर पॅकहाउसमधल्या बायका हातावर हात ठेवून बसून होत्या आणि कोणत्या डब्यांवर कोणती लेबलं लावायची हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मॅडम, मी तर नम्रपणेच लिहिलं होतं हो," तो म्हणाला. खरंच होतं ते. त्याच्या मनात 'नाहीतर' होतं आणि आपलं 'नाहीतर' दोन्हीकडे चालतं. 'चहा घ्या नाहीतर सरबत घ्या' यात आग्रह आहे, 'गप्प बस नाहीतर मार खाशील' यात धमकी. कुठलं कुठलं ते सुरावरून कळतं. इंग्रजी 'अदरवाइज' वाक्याच्या सुरुवातीला आलं की ते बहुतेकदा दुसऱ्या जातीचं असतं : आधी सांगितलेलं झालं नाही, तर पुढचा परिणाम. पर्याय देऊ करायचा असेल तिथे 'ऑल्टरनेटिव्हली' लिहावं, नाहीतर सरळ 'ऑर'. 'वुई कॅन पॅक इन पनेट्स ऑर लूज. प्लीज लेट अस नो बाय फ्रायडे विच यू प्रिफर.' एवढंच लिहिलं असतं तर काम भागलं असतं.

तेव्हापासून मी मुलांना शब्दांची यादी पाठ करायला सांगत नाही. एकच प्रश्न विचारते : तू दुसरा पर्याय मांडलास, तेव्हा पहिला शिल्लक आहे का? शब्द त्या उत्तरावर ठरतो.

पहिला पर्याय शाबूत असेल, दोन्ही सारख्याच तोलाचे असतील, तर 'ऑर' किंवा 'ऑल्टरनेटिव्हली'. पहिला रद्द झाला असेल तर 'इन्स्टेड'. 'वुई विल शिप थॉम्पसन. इन्स्टेड, वुई कॅन शिप सोनाका' असं द्राक्षांच्या दोन जातींबद्दल लिहिलं की ग्राहक गोंधळतो. थॉम्पसन येणार की नाही? 'इन्स्टेड' म्हटल्यावर ती गेली असाच त्याचा समज होतो. पावसानं थॉम्पसनचे मणी तडकले आणि सोनाकाच पाठवायची वेळ आली, तर मात्र 'इन्स्टेड'सारखा चोख शब्द नाही. पहिला हवा आहे, पण जमलाच नाही तर दुसरा चालेल, अशी उतरंड असेल तर 'फेलिंग दॅट'. हा शब्दप्रयोग आपल्याकडे शाळेत कुणी शिकवत नाही. ब्रिटिश ग्राहकांच्या मेलमध्ये मात्र तो सर्रास दिसतो. 'गुरुवारच्या जहाजानं पाठवा. फेलिंग दॅट, पुढच्या जहाजानं' असं त्यानं लिहिलं, तर गुरुवार चुकवून पुढच्या जहाजाची वाट पाहायची मुभा त्यानं आपल्याला दिलेली नाही.

सगळ्यात जास्त घोळ 'ऑन द अदर हँड' आणि 'ऑन द कॉन्ट्ररी' घालतात. दोन्हींसमोर शब्दकोशात 'उलटपक्षी' सापडतं, म्हणून दोन्ही एकच असं धरून चालतात. 'ऑन द अदर हँड' नाण्याची दुसरी बाजू दाखवतं : जहाज स्वस्त पडतं; दुसरीकडे, विमानानं माल लवकर पोचतो. त्यात तुलना असते, देऊ केलेला पर्याय नसतो. 'वुई कॅन सप्लाय व्हाइट सीडलेस. ऑन द अदर हँड, वुई कॅन सप्लाय ब्लॅक' असं लिहिलं की वाचणारा काळ्या द्राक्षांत काय खोट आहे ते शोधत बसतो. 'ऑन द कॉन्ट्ररी'चं काम आणखी वेगळं. ते आधीचं म्हणणं खोडून काढतं : माल उशिरा पोचला नाही; ऑन द कॉन्ट्ररी, दोन दिवस आधीच पोचला. दोन जातींपैकी एक निवडा असं सांगताना मध्ये ते घातलं, तर आपणच आपलं पहिलं वाक्य खोटं ठरवल्यासारखं होतं.

'ऑल्टरनेट'चीही एक गंमत. आपण ज्याला 'एक आड एक' म्हणतो ते ब्रिटिश इंग्रजीत 'ऑल्टरनेट'. अमेरिकन लोक 'पर्यायी' या अर्थानं 'ऑल्टरनेट' म्हणतात, पण युरोपात पाठवताना तो धोका घेऊ नये. 'वुई विल ऑल्टरनेटली सेंड ब्लॅक' म्हणजे एकदा पांढरी, एकदा काळी, पाळीपाळीनं.

'इन ल्यू ऑफ' हा तर खास आपल्या कचेऱ्यांचा लाडका. म्हणजे 'च्या ऐवजी'. पण 'इन ल्यू ऑफ युवर लेटर' असं लिहून लोकांना 'आपल्या पत्राच्या अनुषंगानं' म्हणायचं असतं. वाचणाऱ्याला कळतं ते हे, की पत्राच्या बदल्यात काहीतरी पाठवलं आहे.

'अँड/ऑर' शक्यतो लिहूच नका. 1935 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं या जोडशब्दाची यथेच्छ खरडपट्टी काढली होती, तरी तो करारांतून हटायला तयार नाही. 'डॅमेज्ड अँड/ऑर डिलेड' माल परत करता येईल, यातून वाद उभा करायला वकिलाला फार वेळ लागत नाही. 'हे, किंवा ते, किंवा दोन्ही' असं मोकळं लिहिलं तर चार शब्द वाढतील, पण भांडण टळेल.

हे सगळं माझ्या भाचीच्या निबंधातही दिसलं. आयईएलटीएसच्या क्लासमधून तिनं जोडशब्दांची छापील यादी आणली होती आणि अडीचशे शब्दांच्या निबंधात जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या तोंडी एकेक चिकटवला होता. "मावशी, यालाच मार्क असतात," तिचं म्हणणं. मार्क असतात हे खरं, सुसंगतीला चारपैकी एका निकषाची जागा आहे. पण त्याच परीक्षेच्या गुणवर्णनात पाचव्या बँडखाली जोडशब्दांचा अतिरेक हा दोष म्हणून नोंदवलेला आहे, आणि नवव्या बँडचं वर्णन साधारण असं, की जोडकामाकडे वाचणाऱ्याचं लक्षच जात नाही. तिच्या निबंधातले निम्मे शब्द आम्ही खोडले, तर काहीच बिघडलं नाही. जिथे बिघडलं, तिथे तो शब्द खरोखर हवा होता. खोडून पाहायची ही रीत मी आता कचेरीतही वापरते.

राहता राहिली विरामचिन्हं. 'ऑर' हे उभयान्वयी अव्यय, त्यामुळे ते दोन वाक्यांना स्वल्पविरामावर जोडू शकतं. 'अदरवाइज', 'ऑल्टरनेटिव्हली', 'इन्स्टेड' या क्रियाविशेषणांना ते बळ नाही. त्यांच्याआधी पूर्णविराम नाहीतर अर्धविराम, आणि सुरुवातीला आले तर नंतर सहसा स्वल्पविराम. आणि 'ऑर'च्या आधीचा स्वल्पविराम कधी अर्थच फिरवतो. 'ओक्रा, ऑर लेडीज फिंगर,' असं दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देऊन लिहिलं तर भेंडी एकच, तिची नावं दोन. स्वल्पविराम काढले, तर ओक्रा वेगळी आणि लेडीज फिंगर वेगळी असं वाटून ग्राहक विचारतो की दोन्हींचे भाव पाठवा.