संत्रा-लिंबू : नवतीवर नागअळी आली का, बघा

कोवळ्या पानावर चांदीसारख्या नागमोडी रेघा दिसतात? ती नागअळी. तिचा पतंग जेमतेम २ मि.मी.; नवतीवरच अंडी घालतो. अळी पानाच्या पापुद्र्याखाली राहून खाते, म्हणून वरवरची फवारणी तिला लागत नाही. पान गुंडाळतं आणि त्या जखमांतून लिंबाला खैऱ्या लागतो.

👉 नवती फुटताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. पानं जून झाल्यावर फवारलं तर पैसे वाया.
👉 रोपवाटिका आणि लहान कलमं आधी सांभाळा. मोठं झाड बहुतेक सावरतं.
👉 युरिया एकदम टाकू नका. नवती वाढते, अळीचं फावतं.

उद्या सकाळी पाच झाडं बघा, पानांचा फोटो याच नंबरवर पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी