खून कुठल्या गल्लीत हवा?

मीरा रोडला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. वरच्या कप्प्यांत मेंटेनन्सच्या फायली आणि लिफ्टवाल्याची बिलं, खालच्या कप्प्यांत पुस्तकं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून खालच्या कप्प्यांची किल्ली माझ्याकडे असते. इथं माणसं सगळीकडून आलेली. कुणी गिरगाव-लालबागची चाळ सोडून, कुणी कोकणातून, कुणी कच्छ-काठेवाडातून, कुणी राजस्थानातून. मूळची म्हणायची तर उत्तन-डोंगरीकडची कोळी-ख्रिस्ती मंडळी आणि जुन्या गावठाणांतली आगरी घरं. एवढ्या तऱ्हेच्या लोकांचं एकमत पाण्याच्या टँकरवरही होत नाही. पण पुस्तकाच्या बाबतीत जो तो एकच मागतो: "काहीतरी डिटेक्टिव्ह द्या, फार रक्तबिक्त नको."

इंग्रजीत ह्या जातीच्या पुस्तकांना 'कोझी' म्हणतात. खून होतो, पण पानावर रक्त सांडत नाही. शोध लावणारा बहुधा पोलीस नसतो, जागा लहान असते, माणसं एकमेकांना ओळखून असतात आणि शेवटी गुन्हेगार सापडला की सगळे चहा प्यायला मोकळे. मागणी एक असली तरी पुस्तक मात्र दर माणशी वेगळं लागतं. त्याचे माझे काही ठोकताळे बसले आहेत, ते हे.

१. काय सोसत नाही ते आधी विचारा

काय आवडतं असं विचारलं की लोक चारचौघांत शोभेल असं उत्तर देतात. "मला काहीही चालतं" म्हणणाऱ्याला तर हमखास काहीच चालत नाही. न सोसणाऱ्या गोष्टींबद्दल मात्र माणूस खरं बोलतो. एकीला लहान मुलाचं काही वाईट झालेलं वाचवत नाही. एका गृहस्थांना कुत्र्याला इजा झालेली चालत नाही. माणसं किती का मरेनात!

समोरच्या विंगमधल्या एक निवृत्त सिस्टर म्हणाल्या, "हॉस्पिटल नको. जन्म तिथंच गेला." त्यांना मी अगाथा ख्रिस्ती दिली. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात आधी नर्स होत्या, मग दवाखान्याच्या औषधविभागात काम करायला लागल्या. विषांची माहिती त्यांना तिथं झाली. त्यांच्या गोष्टींत सुऱ्या-पिस्तुलांपेक्षा बाटल्या जास्त, त्याचं कारण हेच. 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' ही त्यांची पहिली कादंबरी १९२० ची. तिच्यातलं स्ट्रिक्नीनचं गणित इतकं चोख होतं की औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानं त्याची वाखाणणी केली होती. आमच्या सिस्टर पुस्तक परत आणतात तेव्हा खुनी कोण निघाला ह्यावर चकार शब्द काढत नाहीत. "डोस बरोबर होता" किंवा "एवढ्यानं मरत नाही हो कुणी" एवढंच सांगतात.

मराठीतून ख्रिस्ती हवी असेल तर मधुकर तोरडमलांचे अनुवाद शोधावेत. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले प्राध्यापक ते हेच. ख्रिस्तीबाईंचा सगळा चकवा पात्रांच्या बोलण्यात दडलेला असतो. नाटकातला माणूस अनुवादाला बसला की तो जास्त चांगला उतरतो, असं आपलं माझं मत आहे.

२. खुनापेक्षा वस्ती बघून पुस्तक द्या

हा माझा सगळ्यात भरवशाचा ठोकताळा. वाचक खुनासाठी वाचत नाही. ज्या गावात तो चार संध्याकाळी राहून येणार, ते गाव त्याला हवं असतं. खून हे आत शिरायचं निमित्त.

ख्रिस्तीबाईंच्या मिस मार्पल सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात राहतात. कादंबरीत त्या पहिल्यांदा आल्या १९३० साली. म्हातारी विणकाम करते, बागेत वाकून तण काढते आणि त्या निमित्तानं अख्ख्या गल्लीवर नजर ठेवते. समोर कसलाही भयंकर गुन्हा आला की तिला गावातलं कुणीतरी आठवतं. एका बाईनं दुकानातून घेतलेली सोललेली कोळंबी घरी पोचेस्तोवर गेली कुठं, इतपत क्षुल्लक गोष्टीपासून ती सुरुवात करते. चाळीत वाढलेल्या माझ्या वाचकांना हे काही समजावून सांगावं लागत नाही. कुणाच्या दारात कुणाच्या चपला आणि कुठल्या घरचा स्टोव्ह रात्री उशिरा पेटतो, हे नळावर उभं राहून ओळखणाऱ्या बायका त्यांनी पाहिलेल्या असतात. त्यांना मार्पल द्यावी आणि बाजूला व्हावं.

मुंबईत एकटे आलेले, भाषा शिकण्यापासून ज्यांची सुरुवात झाली, ते मात्र मार्पलपाशी रमत नाहीत. त्यांना ख्रिस्तीबाईंचाच दुसरा डिटेक्टिव्ह पॉयरो आवडतो. तो बेल्जियमहून निर्वासित होऊन इंग्लंडात आलेला. लोक त्याच्या उच्चारांना आणि मिशांना हसतात. तो हसू देतो, कारण हसणारा माणूस सावध राहत नाही. भुजहून आलेल्या एका दुकानदारकाकांनी पॉयरोची पुस्तकं संपवली आणि विचारलं, "ह्या माणसाचा धंदा कधी बुडाला नसणार, नाही?"

३. गाडीत बसायला मिळतं का, ते विचारा

भाईंदर ते चर्चगेट स्लो लोकलनं तासाहून जास्त वेळ जातो. भाईंदरहून सुटणारी गाडी धरून खिडकी मिळवणाऱ्याला कादंबरी चालते. विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला चढणाऱ्याचा एक हात कडीला. त्याला हलकं, एका हातात मावणारं आणि दहिसर-बोरिवलीच्या रेटारेटीत धागा न तुटणारं काही द्यावं. शेरलॉक होम्सच्या छप्पन्न लघुकथा ह्या कामाला अजून नंबर एक आहेत. जाताना एक, येताना एक. मराठीत भालबा केळकरांनी त्या आणलेल्या आहेत.

४. अर्नाळकर मागितला तर लगेच देऊ नका

साठीपुढचा मराठी वाचक रहस्यकथा म्हटलं की बाबूराव अर्नाळकरांचं नाव घेतो. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. लिहिली हजाराहून जास्त पुस्तकं. नावातलं अर्नाळा आपल्या खाडीपलीकडचं, विरारच्या किनाऱ्यावरचं. पण अर्नाळकर काही ह्या शांत जातीचे नव्हेत. तिथं पाठलाग, वेषांतरं, गुप्त दरवाजे, एकूण धामधूम. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद किंवा बॅरिस्टर अमर विश्वासही वेगाचेच गडी.

म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते: तुम्ही अर्नाळकरांच्या कुणाचे? झुंजारचे की धनंजय-छोटूचे? झुंजारवाल्याला ऐट हवी असते. त्याला शिरवळकर द्यावा, तो खूश होतो, आणि 'रक्तबिक्त नको' ही स्वतःचीच अट विसरतो. धनंजय-छोटूवाल्याला जोडी हवी असते, एक हुशार आणि दुसरा आपल्यासारखा. त्याला होम्स-वॉटसन किंवा फेलूदा-तोपशे लागू पडतात.

५. फेलूदा घरातल्या सगळ्यांना, ब्योमकेश फक्त मोठ्यांना

दोघंही बंगाली डिटेक्टिव्ह आणि दोघंही कोलकात्याचे, म्हणून लोक दोघांना एकाच पिशवीत टाकतात. सत्यजित राय यांच्या आजोबांनी १९१३ मध्ये 'संदेश' हे मुलांचं मासिक काढलं होतं. राय यांनी ते १९६१ साली पुन्हा सुरू केलं आणि १९६५ पासून फेलूदा त्यात लिहिला. वाचणारी मुलं असल्यामुळे त्यात भानगडी नाहीत, बायकाही फारशा नाहीत. आहेत ती जुनी हस्तलिखितं, हिरे, मूर्तिचोर, भरपूर प्रवास आणि लालमोहनबाबू ऊर्फ जटायू. हा जटायू स्वतः खपाऊ थरारकथा लिहितो आणि त्यात भूगोलापासून प्राणिशास्त्रापर्यंत सगळं चुकवून ठेवतो. मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे फेलूदा आपल्या घरचा वाटतो. नवख्याला मी जटायूच्या कादंबरीवर मुंबईत हिंदी सिनेमा निघतो ती गोष्ट आधी देते. मुंबईकराला बाहेरच्यानं केलेलं मुंबईचं वर्णन तपासायला फार आवडतं.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ चा. तो मोठ्यांसाठी लिहिलेला. विवाहबाह्य संबंध, वारसाहक्क, नशेचा व्यापार, सगळं तिथं आहे, फक्त लेखक आवाज चढवत नाही. १९९३ ची बासू चटर्जींची दूरदर्शन मालिका आणि तिच्यातला रजित कपूर आठवणारे वाचक ब्योमकेश हक्कानं मागतात आणि नातवाला वाचायला देतात. तिथं मी मध्ये पडते. नातवासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वेगळा काढून ठेवलेला असतो. 'प्रतापगडावर फास्टर फेणे'पासून सुरू करावं. इंग्रजी शाळेतल्या मुलांना जोडाक्षरं अडतात, तेव्हा पहिली दोन प्रकरणं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावीत. पुढं पोरं आपणहून पळतात.

६. म्हातारपणावरचं पुस्तक म्हाताऱ्यांना जपून द्या

रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' २०२० साली आलं आणि आमच्या कपाटात कधी टिकलंच नाही. निवृत्तांच्या एका वसाहतीत चार जण दर गुरुवारी जमून जुन्या, न उलगडलेल्या खुनांच्या फायली चाळतात. एक नर्स, एक कामगार पुढारी, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक बाई, जिच्या जुन्या नोकरीबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही. समिती, पार्किंग, बिल्डर, कोण कुणाच्या टेबलावर जेवायला बसतं ह्यावरून रुसवेफुगवे, सगळं आमच्याकडचंच. आमचे माजी युनियनवाले अण्णा तर त्यातल्या रॉनचा शब्द न् शब्द स्वतःचा समजतात.

पण त्या हसण्याखाली एक दुसरा धागा आहे. त्या बाईचा नवरा हळूहळू सगळं विसरत चालला आहे आणि ती ते जगापासून लपवते. आमच्याच इमारतीत एक काकू गेली काही वर्षं काकांच्या मागे मागे गॅसची बटणं तपासत फिरतात. त्यांनी हे पुस्तक मागितलं तेव्हा मी त्यात काय आहे ते आधी सांगितलं. खुनाचं गुपित ठेवावं, ह्याचं ठेवू नये. त्या म्हणाल्या, "दे. निदान कुणीतरी लिहिलंय." इतर कुणी असतं तर कदाचित पुस्तक परत कपाटात गेलं असतं. निर्णय त्यांचा, मी फक्त आधी बोलले.

७. जेवण आणि देव ह्यांची चौकशी करावी

अमेरिकेत पाककृतींसकट रहस्यकथा निघतात. जोआन फ्लूकची हॅना स्वेन्सन बेकरी चालवते आणि प्रेतांना अडखळत असते. ती मालिका २००० साली चॉकलेट चिप कुकीपासून सुरू झाली. आमच्याकडे घरून एगलेस केक विकणारी एक जैन बेन आहे. तिला मी ही पुस्तकं देते. ती खुनाची पानं भराभरा उलटते आणि अंड्याच्या जागी काय घालता येईल ते वहीत टिपते. उत्तनहून येणाऱ्या एक आंटी चेस्टरटनच्या फादर ब्राउनवर खूश असतात. ह्या पाद्र्याला गुन्हेगार कळतो, कारण आयुष्यभर त्यानं लोकांची पापं कानांनी ऐकलेली. आंटींच्या मते त्यात नवल असं काहीच नाही.

८. स्वतःचं शहर मागणाऱ्यांसाठी

सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्री १९२१ च्या मुंबईतली पारसी वकील. पडद्यातल्या विधवांना भेटायची सोय फक्त तिलाच, म्हणून प्रकरण तिच्याकडे. वकील, शिक्षिका अशा वाचकांना हे आवडतं. एच. आर. एफ. कीटिंगनं १९६४ मध्ये इन्स्पेक्टर घोटे उभा केला तेव्हा त्यानं मुंबई पाहिलीच नव्हती. चुका शोधायला ज्यांना आवडतं त्यांना तो द्यावा. आणि वसीम खानच्या पुस्तकात निवृत्त इन्स्पेक्टर चोप्राला वारशात हत्तीचं पिल्लू मिळतं, ते त्याच्या इमारतीच्या आवारात येतं आणि तिथल्या अध्यक्षीणबाई हरकत घेतात. हे आमच्या सेक्रेटरींना वाचायला दिलं तर ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं."

९. आवड कळत नसेल तर दिवाळी अंक

'धनंजय' किंवा 'नवल'चा जुना अंक द्यावा. रहस्य, गूढ, विज्ञान, अनुवाद, एका अंकात सगळे नमुने. परत आला की पानं बघावीत. कुठं कोपरा दुमडलाय, कुठं चहाचा गोल उमटलाय, कुठली गोष्ट कोरी करकरीत राहिली. तोंडी चौकशीपेक्षा हे उत्तर खरं निघतं.

१०. खोडरबर जवळ असू द्या

पुस्तक परत घेताना पहिली पानं तपासावीत. पात्रांच्या यादीत कुणीतरी पेन्सिलीनं एका नावाखाली रेघ मारून 'हाच' असं लिहिलेलं असतं. पेनानं लिहिलं असेल तर वर व्हाइटनर. त्यानं संशय त्याच नावावर बसतो म्हणून मी आणखी दोन नावांना व्हाइटनर लावते.

११. शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांना उपदेश करू नये

माझ्या मोठ्या जाऊबाई त्यातल्या. खुनी कोण ते कळल्याशिवाय त्यांना वाचनात स्वस्थता येत नाही. मग कोण कसं खोटं बोलतंय ते बघत त्या निवांत वाचतात. त्यांच्यासाठी ऑस्टिन फ्रीमन. १९१२ च्या 'द सिंगिंग बोन'मध्ये त्यानं गोष्ट उलटी केली. आधी खून होताना दाखवायचा, खुनी दाखवायचा, मग डॉ. थॉर्नडाइक तिथपर्यंत पोचतो कसा ते. रद्दीवाल्याकडे त्याची एक प्रत मिळाली, ती मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटचं पान उघडलं, वाचलं, मागची दोन पानं उलटून पाहिली आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

"ह्याच्यात खुनी छापायचा राहिलाय," म्हणाल्या.