ऊब हवी, पण आधी हवा हवी
(गॅसच्या हिटरविषयी एक धडा)



गव्हाला पाणी देण्याचे दिवस आणि कडाक्याच्या थंडीचे दिवस माळव्यात बरोबरच येतात. डिसेंबर-जानेवारीत उज्जैनकडे रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. भैरवगढसारख्या क्षिप्रेकाठच्या वस्तीत पहाटेचा गारठा अधिकच झोंबतो. विजेची पाळी रात्रीची असली, की शेतकऱ्याला रात्रीच मोटार चालू करून ओल्या वाफ्यात उभे राहावे लागते. असा माणूस काकडत घरी आला, की दार लावून घ्यावे आणि विस्तवाजवळ बसावे, असेच त्याला वाटणार. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साहून परतताना लेकरेबाळेही अशीच कुडकुडत येतात.

पूर्वी अशा वेळी कोळशाची शेगडी पेटवीत. आता काही घरांत सिलिंडरला जोडायचा, चाकांवर इकडेतिकडे नेता येणारा गॅसचा हिटर आला आहे. त्याला धूर नाही, राख नाही, आणि वीज गेली तरी तो चालतो. म्हणून तो निर्धोक आहे अशी पुष्कळांची समजूत होते. ही समजूत जिवावर बेतू शकते. म्हणून हिटर कसा निवडावा आणि कसा वापरावा, हे आज आपण नीट समजून घेऊ.

दामन येथील रात्र

हा धोका किती खरा आहे, हे एका घटनेवरून कळेल. जानेवारी २०२० मध्ये केरळातील पंधरा जणांचा गट नेपाळात सहलीला गेला होता. दामन या डोंगरावरील थंड ठिकाणी ते एका रात्रीपुरते उतरले. त्यांतले आठ जण, म्हणजे दोन जोडपी आणि चार मुले, एकाच खोलीत झोपले. थंडी फार, म्हणून खोलीत गॅसचा हिटर लावला होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. २१ जानेवारीच्या सकाळी ते बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेऊनही आठांपैकी एकही वाचला नाही. खोलीला आग लागली नव्हती आणि स्फोटही झाला नव्हता. ती माणसे झोपली, ती उठलीच नाहीत.

ज्योत हवा खाते

असे का होते? आपल्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. ते जळण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि ज्योत तो खोलीतल्या हवेतूनच घेते. म्हणजे आपण आणि हिटर एकाच ताटात जेवतो.

थोडा हिशेब करू. तीन किलोवॉटचा हिटर तासाला सुमारे पाव किलो गॅस जाळतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोली अगदी घट्ट बंद केली, तर तिच्यातील प्राणवायू शेकडा २१ वरून १८ वर यायला सुमारे सव्वा ते दीड तास पुरतो. प्राणवायू कमी पडू लागला, की गॅस पुरता जळत नाही. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तातील तांबडा भाग प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवतो. मग श्वास चालू असला तरी मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाची झोप तेवढी गाढ होत जाते.

कोळशाची शेगडी तर हा वायू सुरुवातीपासूनच सोडते. निखारे लाल झाले, धूर थांबला, की शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असे मानणे चूक आहे. खोलीत पाण्याची बादली ठेवली की विष निघून जाते, हीही खोटी समजूत आहे. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

हिटर घेताना काय पाहावे

१. प्राणवायू कमी होताच आपोआप बंद होणारी योजना हिटरात असावी. दुकानदाराला हे स्पष्ट विचारावे. ती नसेल तर स्वस्तातही घेऊ नये.

२. ज्योत विझली तर गॅस आपोआप थांबला पाहिजे आणि हिटर कलंडला तर तो बंद झाला पाहिजे. पुढे मजबूत जाळी हवी.

३. हिटरवर लिहिलेला गॅसचा दाब आणि रेग्युलेटरचा दाब जुळलाच पाहिजे. नळी प्रमाणित असावी. तिच्यावर छापलेली मुदत संपली किंवा तिला चिरा दिसल्या, की ती बदलावी.

४. घरचे १४.२ किलोचे सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेले असते. हिटरसाठी ५ किलोचे सिलिंडर वितरकाकडून रीतसर घ्यावे. मोठ्यातून छोट्यात गॅस भरून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये.

५. पंख्याने गरम झोत फेकणारे मोठे हिटर उघड्या शेडसाठी असतात. ते राहत्या घरात आणू नयेत.

वापरण्याची रीत

हिटर पेटवण्यापूर्वी हवेची वाट करावी. भिंतीत वर एक आणि खाली एक झरोका असावा. प्रत्येक झरोका वीतभर लांब आणि चार बोटे रुंद असला म्हणजे बरे. झरोके नसतील तर खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. थोडी ऊब बाहेर जाईल, ती जाऊ द्यावी.

अंथरूण, पडदे, कपडे हिटरपासून निदान तीन फूट लांब असावेत. भैरवगढच्या ज्या घरांत बाटिकची छपाई चालते, तेथे मेण आणि वाळत घातलेले कापड असते. तेथे कामाच्या खोलीत हिटर नकोच. हिटरवर ओले कपडे वाळवू नयेत आणि लहान मुलांना त्याच्यापाशी एकटे सोडू नये.

ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली किंवा काजळी धरू लागली, तर हिटर लगेच बंद करून कारागिराला दाखवावा. ज्या हिटरात चिनी मातीच्या तांबड्या तापणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांत तडा गेलेली पट्टी चालवू नये.

आणि सर्वांत मुख्य गोष्ट अशी, की झोपण्यापूर्वी हिटर बंद झालाच पाहिजे. आधी सिलिंडरची कळ फिरवावी, मग हिटरचे बटण. खोली तासभर गरम करावी, हिटर विझवावा, दोन मिनिटे दार उघडून हवा बदलू द्यावी, आणि मग गोधडी-रजईत शिरावे. म्हाताऱ्यांसाठी आणि बाळंतिणीसाठी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी द्यावी. त्या पिशवीने कोणाचा श्वास कोंडत नाही. न्हाणीघरातील गॅसच्या गीझरलाही हाच नियम लागू आहे. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.

कोंबड्यांच्या पिलांसाठी

काही बांधव थंडीत पिलांना ऊब देण्यासाठी गॅसचा ब्रूडर लावतात. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पिले ब्रूडरखाली एकमेकांवर दाटली तर त्यांना थंडी वाजते आहे, आणि दूर कडेला पळाली तर ऊब जास्त झाली आहे असे समजावे. ब्रूडर साखळीने पक्का टांगावा, खालचा भुसा त्याला लागू देऊ नये, आणि शेडचे पडदे वरच्या बाजूने थोडे उघडे ठेवावेत. राखणदाराने त्या बंद शेडमध्ये झोपू नये.

विषबाधा कशी ओळखावी

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायांतले बळ जाणे, बोलण्यात घोटाळा होणे आणि अनावर झोप, ही लक्षणे होत. ताप नसतो. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असे होऊ लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर हिटरवर संशय घ्यावा. गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळाला हे विष विशेष बाधते.

अशा वेळी दार-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, हिटर बंद करावा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा चहा ओतू नये. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे साधे यंत्र येथे फसवते. विष चढलेल्या रक्तालाही ते चांगलेच आकडे दाखवते. म्हणून आकडा बरा दिसला तरी दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना "बंद खोलीत हिटर चालू होता" हे आधी सांगावे. साध्या हवेत हे विष निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात. दवाखान्यात शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम सुमारे दीड तासात होते.

गळती ही वेगळी गोष्ट

न जळलेल्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, काडी ओढू नये. कळ बंद करावी, दारे उघडावीत आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. जोड तपासायचा तो साबणाच्या फेसाने, काडीच्या ज्योतीने कधीही नाही. परंतु ध्यानात असू द्यावे, की वास आला नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे. दामनमध्ये ज्या वायूने घात केला, त्याला वासच नव्हता.

उजळणी

आज रात्री जेवणानंतर घरातल्यांना हे प्रश्न विचारावेत :

१. आपल्या निजण्याच्या खोलीत हवा कोठून येते आणि कोठून जाते?
२. रात्री हिटर किंवा शेगडी विझवण्याचे काम कोणाकडे आहे?
३. आपल्या गॅसच्या नळीवर कोणते साल छापले आहे?

तिन्हींची उत्तरे सर्वांना ठाऊक नसतील, तर ती मिळेपर्यंत हिटर पेटवू नये. पाहुण्यांनी घर भरले असेल, त्या रात्री तर दुसरा प्रश्न झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारावा.