मल्टिपल स्क्लेरॉसिस : कुलज व्याधी की केवळ कल?

गेल्या वर्षी कोल्हापुरातील एक गृहस्थ आपल्या उपवर कन्येस घेऊन चिकित्सालयात आले. मुलीच्या आईस या व्याधीचे निदान होऊन काही वर्षे झाली होती. "डॉक्टरसाहेब, हिलाही होणार का? पाहुण्यांना काय सांगू? आत्ताच एखादे रसायन सुरू करावे का?" मुलगी सर्वथा निरोगी होती. अशा प्रसंगी आपण वैद्यमंडळी एक तर नको तितके भय घालतो, नाही तर नको तितका भरवसा देतो.

या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिनाडी यांतील तंतूंच्या आवरणावर आघात करते. चरकांनी शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचे विवेचन केले आहे. परंतु येथे एकच दुष्ट अवयव दाखविता येत नाही. 2019 च्या आंतरराष्ट्रीय संशोधनात या व्याधीशी निगडित 233 जनुकीय भेद नोंदले गेले. त्यांपैकी 32 हे प्रतिकारयंत्रणेस 'आपले-परके' ओळखण्यास साहाय्य करणाऱ्या एचएलए क्षेत्रातील आहेत. त्यांतील सर्वांत प्रबळ भेदानेही धोका सुमारे तिप्पटच होतो, आणि तो भेद धारण करणारे बहुसंख्य लोक आजन्म निरोगी राहतात.

बीजाचा प्रभाव पाहावयाचा तर फार दूर जावयास नको. 1990 च्या सुमारास मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात या व्याधीचे प्रमाण लाखामागे 20 हून अधिक आढळले. इतर भारतीयांसाठी तेव्हा 1 ते 2 इतकेच धरले जाई. शहर तेच, हवापाणी तेच. मात्र विवाहसंबंध पिढ्यान्‌पिढ्या समाजांतर्गत. तरीही बीज म्हणजे सर्वस्व नव्हे. पाश्चात्त्य देशांत एका जुळ्यास व्याधी झाल्यास तंतोतंत समान बीजाच्या दुसऱ्या जुळ्यासही तो होण्याचे प्रमाण सुमारे 25 टक्केच आहे. रुग्णाच्या अपत्यात ते 2 टक्क्यांच्या आसपास येते. आपल्याकडे मूळ प्रमाणच अल्प असल्याने प्रत्यक्ष धोका त्याहून कमी असण्याचाच संभव अधिक.

उरलेला भाग आगंतु हेतूंचा. अमेरिकी सैनिकांच्या नमुन्यांवरील 2022 च्या अभ्यासात एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर धोका 32 पट वाढलेला दिसला. हा विषाणू अर्थात बहुतेक सर्वांनाच केव्हा ना केव्हा गाठतो. 'ड' जीवनसत्त्वाची न्यूनता, किशोरवयातील स्थौल्य व धूम्रपान हेही हेतू होत, दुसऱ्याचा धूरसुद्धा. त्या गृहस्थांच्या खिशात विडीबंडल होते. त्या दिवशी मी प्रथम बोट ठेवले ते त्यावर.

रसायन मी दिले नाही. निरोगी नातेवाइकात रसायनाने ही व्याधी टळते, असा पुरावा नाही. शिवाय स्वयंप्रतिकाराचा कल असलेल्या कुलात प्रतिकारशक्ती 'वाढविणारी' द्रव्ये सरसकट देणे मला धाडसाचे वाटते. मुंबईत गुळवेलसेवनानंतर स्वयंप्रतिकारसदृश यकृतशोथ झालेल्या 6 रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, हेही खरे. परंतु औषधालयाच्या फळीवर गुळवेल-अश्वगंधा मागणाऱ्यास "घरात असा विकार आहे का, कोणते इंजेक्शन चालू आहे का?" एवढे विचारण्यास कोणाच्या आक्षेपाची अडचण नाही.

"पाहुण्यांना खरे सांगा, आकड्यासह सांगा," असे मी त्यांना म्हटले. मुलीस मात्र एक गोष्ट लिहूनच दिली : एका डोळ्याची दृष्टी अकस्मात मंदावली, डोळा फिरविताना दुखू लागला, किंवा हातापायांस बधिरपणा येऊन तो दिवसभर टिकला, तर माझ्याकडे न येता प्रथम मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे.