तलावातले बेट आले कुठून?

प्रश्न : राधानगरीच्या लक्ष्मी तलावात बेनझीर व्हिला ज्या बेटावर आहे, ते पावसाळ्यात पाण्याने वेढलेले असते. उन्हाळ्यात पाणी खूप ओसरले की तेच बेट वाढल्यासारखे दिसते. कुणी म्हणतो भराव टाकून केले, कुणी म्हणतो ज्वालामुखीतून वर आले. वेस्ट इंडीजची बेटे ज्वालामुखीची असतात असे वाचले होते. आपलेही तसेच का?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : भरावही नाही आणि ज्वालामुखीही नाही. एका परातीत वाटी पालथी घाला आणि हळूहळू पाणी ओता. वाटीचा तळ तेवढा वर उरेल. वाटी कुठून आली नाही, ती होतीच. आले ते पाणी. तुमच्या बेटाचे रहस्य एवढेच आहे.

आता क्रमाने पाहू. भोगावतीच्या खोऱ्यात लहानमोठ्या टेकड्या पूर्वीपासून होत्या. राजर्षी शाहू महाराजांनी फेजिवडे येथे नदी अडवायचे ठरवले. धरणाचे काम 1909 च्या सुमारास सुरू झाले, पैशाअभावी मध्येच थांबले आणि पूर्ण झाले ते थेट 1957 मध्ये. खोऱ्यात पाणी साठले तशी सखल जमीन बुडाली आणि उंचवटा तेवढा वर राहिला. महाराजांचे निधन 1922 मध्ये झाले. त्यामुळे आज दिसतो तसा काठोकाठ भरलेला तलाव त्यांनी पाहिलाच नाही.

बेट उन्हाळ्यात वाढते, हाही नजरेचा खेळ. खडक जागचा हलत नाही. पाणी उतरते आणि टेकडीचा झाकलेला उतार उघडा पडतो. पावसाळ्यात उलट होते, पण त्यालाही मर्यादा आहे. धरणाची साठवण 8.36 टीएमसी. तेवढी भरत आली की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि जादा पाणी भोगावतीत जाते. म्हणजे बेट लहानात लहान किती व्हायचे, हे एका अर्थी हे दरवाजेच ठरवतात.

ज्वालामुखीच्या तर्कात मात्र थोडे तथ्य आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पसरला आणि थरावर थर साचून थंड झाला. पुढे पावसाने आणि नद्यांनी तो कोरला, तेव्हा दऱ्या आणि टेकड्या झाल्या. खडक आगीचा असला, तरी टेकडीचा आकार पाण्याने दिलेला आहे.

वेस्ट इंडीजची सगळी बेटेही एका जातीची नाहीत. माँटसेराट हे जेमतेम 102 चौरस किलोमीटरचे बेट खरोखर ज्वालामुखीचे आहे. 1995 मध्ये तिथला डोंगर जागा झाला, प्लिमथ ही राजधानी राखेखाली गेली आणि बहुतेक रहिवाशांना बेट सोडावे लागले. क्रिकेटमुळे आपल्या परिचयाच्या बार्बाडोसचा बहुतेक पृष्ठभाग प्रवाळापासून बनलेल्या चुनखडकाचा आहे. त्रिनिदाद तर एके काळी दक्षिण अमेरिकेलाच जोडलेले होते. हिमयुग सरले, समुद्राची पातळी वाढली, मधली सखल जमीन बुडाली आणि ते वेगळे झाले. तुमचे बेट त्रिनिदादच्या जातीचे, फक्त तिथे समुद्र चढला आणि इथे धरणाने पाणी चढवले.

अगदी सख्खे भावंड हवे असेल तर पनामात पाहा. कॅरिबियन समुद्राला मिळणारी चाग्रेस नदी पनामा कालव्यासाठी अडवली गेली, तीही राधानगरीचे काम चालू होते त्याच काळात. 1913 पर्यंत गातून तलाव भरला आणि एका टेकडीचे बारो कोलोरादो नावाचे बेट झाले. सुमारे 15 चौरस किलोमीटरचे हे बेट 1923 मध्ये राखीव ठेवले गेले. उष्ण प्रदेशातल्या जंगलांच्या अभ्यासाचे ते आज नावाजलेले केंद्र आहे.

तेव्हा ‘बेट कधी आले?’ असे पुन्हा कुणी विचारले, तर सरळ सांगा : टेकडी फार जुनी, बेटपण मात्र धरणाच्या वयाचे. आणि एक सूचना. पाणी ओसरलेले दिसले म्हणून गाळातून परस्पर तिकडे चालत जाऊ नका. ओला गाळ वरून कोरडा दिसतो आणि पाय टाकला की खचतो.