चाकांच्या खुर्चीवर प्राणवायू



घरात कोणाला फुप्फुसांचा जुना आजार असला की एक दिवस डॉक्टर सांगतात, "यांना रोज प्राणवायू द्यावा लागेल." सिलिंडर घरी येते, खाटेशेजारी उभे राहते आणि त्या दिवसापासून आजारी माणसाचे जग नळीच्या लांबीएवढे होते. दावणीच्या बैलालाही संध्याकाळी पाण्यावर सोडतात. या माणसाला मात्र कोणी सोडत नाही. अशा माणसाला प्राणवायूसह घराबाहेर कसे न्यावे, हा आजचा पाठ आहे.

भोपाळच्या लोकांना या आजाराची ओळख करून द्यायला नको. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत वस्त्यांतून पसरला. जे जीव घेऊन धावले त्यांचा श्वास जोराने चालला आणि विषही जास्त आत गेले. पुष्कळ जण त्या रात्री वाचले, पण त्यांची फुप्फुसे कायमची अधू झाली. त्यांच्यातील जे आज हयात आहेत ते आता म्हातारे झाले आहेत, आणि दुखावलेल्या फुप्फुसांवर वयाचा भार पडला आहे. १९९६ साली सुरू झालेला संभावना दवाखाना अशाच लोकांच्या उपचारासाठी निघाला.

आमच्या ओळखीचे एक आजोबा त्या वेळी रेल्वे स्टेशनजवळ हमालीला होते. पुढे ते गावी परतले आणि भावाच्या वाटणीतली जमीन कसू लागले. तीन वर्षांपूर्वी त्यांना प्राणवायू लागू झाला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "फादर, गहू कापणीला आलाय. घरापासून शेत दोनशे पावलांवर, पण मी तो पाहिलेला नाही." त्या दिवशी आम्ही, त्यांचा मुलगा आणि गावचा वेल्डर असे तिघे कामाला लागलो. जे शिकलो, आणि जिथे चुकलो, ते खाली देत आहोत.

बाहेर नेणे ही केवळ हौस नव्हे

ज्यांच्या रक्तात प्राणवायू फारच कमी असतो अशा रुग्णांवर दोन मोठे अभ्यास झाले. १९८० च्या अमेरिकेतील अभ्यासात, फक्त रात्री प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा दिवसरात्र घेणारे अधिक जगले. १९८१ च्या ब्रिटनमधील अभ्यासात, रोज किमान १५ तास घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा अधिक जगले. म्हणजे तास मोजले जातात. आजारी माणूस अंगणात जाण्यासाठी नळी काढून ठेवू लागला तर ते तास बुडतात. प्राणवायू त्याच्याबरोबर चालला तर तास भरतात आणि माणूसही माणसांत राहतो.

कोणते वाहन घ्यावे?

हाताने पॅडल मारायची तीनचाकी सायकल अपंगांना शिबिरांतून मिळते. पाय अधू आणि छाती धडधाकट असलेल्या माणसाला ती उत्तम. फुप्फुसाच्या रुग्णाला मात्र ती देऊ नये. हाताच्या श्रमाने त्याला लगेच धाप लागते. त्याच्यासाठी मागून ढकलायची चाकांची खुर्ची किंवा बॅटरीवर चालणारी तीनचाकी योग्य. आमच्याकडे घडी घालायची साधी खुर्ची होती.

सिलिंडर किती पुरते?

आपल्याकडे लहान 'ए' सिलिंडरमध्ये सुमारे ७५० लिटर, 'बी' मध्ये सुमारे १,५०० लिटर आणि मोठ्या 'डी' मध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. 'डी' घरातच ठेवावे. खुर्चीसाठी 'ए' किंवा 'बी' घ्यावे. भरलेल्या सिलिंडरचा काटा साधारण १५० वर असतो. काटा जितका उतरेल तितका प्राणवायू कमी झाला असे समजावे.

हिशेब असा करावा : उरलेले लिटर भागिले दर मिनिटाचे लिटर. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितले असेल तर भरलेले 'बी' ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास चालते. 'ए' सव्वासहा तास चालते. 'बी' चा काटा ५० वर आला असेल तर ५०० लिटर उरले, म्हणजे चार तासांहून थोडे अधिक. विहिरीचे सगळे पाणी आपण एकदम उपसत नाही. तसेच इथेही एक तृतीयांश नेहमी राखून ठेवावे. शेत, बाजार किंवा मिस्सा, कुठेही जायचे असो, जाण्यायेण्याचा वेळ आधी मोजावा.

लिटरचे प्रमाण मात्र स्वतःच्या मनाने कधीही वाढवू नये. जुन्या दम्याच्या व फुप्फुसाच्या काही रुग्णांना जास्त प्राणवायू दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते आणि जीव धोक्यात जातो. धाप वाढली तर चावी पिळू नये, डॉक्टरांना कळवावे.

आमची चूक

पहिल्या दिवशी आम्ही 'बी' सिलिंडर खुर्चीच्या पाठीला दोरीने टांगले. अंगणात सगळे ठीक चालले. बांधाच्या चढावर पुढची चाके उचलली गेली आणि खुर्ची मागे कलंडू लागली. मुलाने पाठ धरून सावरली म्हणून निभावले. भरलेल्या सिलिंडरचे वजन १५ किलोच्या आसपास असते, आणि आजारी माणूस बहुधा वाळलेला असतो. मागच्या चाकांच्या आसामागे एवढा भार उंचावर लटकला की चढावर तोल जाणारच. बैलगाडी उलार झाली की काय होते ते शेतकऱ्याला सांगायला नको.

मग असे केले

१. मोठे सिलिंडर सोडून लहान 'ए' घेतले.

२. खुर्चीच्या मागच्या दोन उभ्या नळ्यांना लोखंडी पट्टीची छोटी बैठक बसवली. ती जमिनीला घासणार नाही इतकी वर, पण शक्य तितकी खाली आणि पाठीला चिकटून ठेवली. नळ्यांना भोके पाडली नाहीत, कारण भोकाने नळी कमजोर होते. क्लॅम्प आवळले.

३. सिलिंडर दोन जागी, खाली आणि खांद्याशी, बक्कलच्या कापडी पट्ट्यांनी बांधले. एकच पट्टा असला तर ते डुलते. उभे सिलिंडर पडून त्याची वरची चावी तुटली तर आतल्या दाबाने ते बाणासारखे सुटते.

४. मागे दोन लहान आधारचाके लावली. ती जमिनीपासून दोन बोटे वर असतात आणि खुर्ची मागे कलली तरच टेकतात.

५. नळी हाताच्या दांडीवरून नेऊन चिंधीने दोन ठिकाणी बांधली. ती चाकाच्या आऱ्यांत सापडता कामा नये.

६. वेल्डिंग चालू असताना सिलिंडर दुकानात आणलेच नाही. सिलिंडरला वेल्डिंग करणे किंवा भोक पाडणे कधीही करू नये.

नंतर आजोबांच्या वजनाएवढे गव्हाचे पोते खुर्चीत बसवून त्याच बांधावरून दोनदा नेले. पोते पडले नाही तेव्हाच माणूस बसवला. उतारावर खुर्ची उलटी फिरवून मागे मागे उतरवावी, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. काळ्या मातीत पुढची लहान चाके रुततात, म्हणून पावसानंतर शेतात नेऊ नये.

आग आणि तेल

प्राणवायू स्वतः जळत नाही, पण ठिणगीचा भडका करतो. म्हणून खुर्चीजवळ बिडी, चूल, कंदील नको. आजारी माणसाने स्वतः तर बिडी सोडावीच. चर्चमध्ये मेणबत्त्या आणि धुपाटण्यापासून दूर, दाराजवळच्या मोकळ्या हवेत खुर्ची लावावी.

तेल आणि ग्रीस यांचा रेग्युलेटरला स्पर्श होऊ नये. दाबाखालच्या प्राणवायूत तेल आपोआप पेटू शकते. आपल्या घरांत हे सहज घडते. डोक्याला तेल लावलेल्या हाताने चावी फिरवली जाते, घट्ट बसली म्हणून सायकलचे तेल सोडले जाते. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, चावी हळूहळू उघडावी आणि उघडताना बाजूला उभे राहावे. नाक कोरडे पडले तर व्हॅसलिन लावू नये, डॉक्टरांकडून पाण्याच्या अंशाचे मलम घ्यावे. सिलिंडर उन्हात तापत ठेवू नये. घरी परतल्यावर चावी बंद करावी.

बॅटरीचे यंत्र

आता हवेतून प्राणवायू वेगळा करणारी बॅटरीची लहान यंत्रेही मिळतात. त्यांना भरणावळ लागत नाही आणि वजनही कमी असते. मात्र त्यांपैकी पुष्कळ यंत्रे फक्त श्वास आत घेताना थोडा थोडा प्राणवायू सोडतात, आणि तो प्रत्येकाला पुरतोच असे नाही. दवाखान्यात रुग्णाला ते लावून, बोटावरच्या यंत्राने तपासूनच विकत घ्यावे. जादा बॅटरी बरोबर ठेवावी. हवा घेण्याची जाळी गोधडीने झाकू नये. मळणी चालू असताना खळ्यावर नेऊ नये, कारण भुशाने जाळी बुजते. ती धूळ रुग्णालाही वाईटच. आगीचे नियम इथेही तेच.

आजोबांना आम्ही कापणीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या गार हवेत शेतावर नेले. त्यांनी एक ओंबी मागितली, तळहातावर चोळली, दाणे मोजले आणि मुलाला म्हणाले, "पुढच्या वेळी पाणी आठ दिवस आधी सोड." पुष्कळ महिन्यांनी त्या घरात पुन्हा त्यांचा सल्ला घेतला गेला.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत प्राणवायूवर असलेला कोणी आहे का? तो शेवटचा घराबाहेर कधी पडला?

२. 'ए' सिलिंडरचा काटा ७५ वर आहे आणि डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटर सांगितले आहेत. एक तृतीयांश राखून किती वेळ बाहेर राहता येईल? (उत्तर : सुमारे दोन तास.)

३. आपल्या घरात सिलिंडरची चावी कोण फिरवतो? त्याचे हात तेलकट असतात का?